तुरटी फिरवलेला पूर

आमच्या मॅडमचं कॉलेजात कुणाशीही पटलं नाही. प्राचार्यांशी नाही, विभागप्रमुखांशी नाही, कँटीनवाल्याशीही नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही ‘स्पष्टवक्त्या’ हा एकच शब्द वापरला. एखाद्या बाईचा राग आला आणि ती समोरच बसलेली असली, की आपल्याकडे हा शब्द काढतात. मॅडम पहिल्या रांगेत बसून भाजलेल्या शेंगा सोलत होत्या. अजूनही मला कुणी विचारतं, "त्या नदीवाल्या वेड्या बाईकडे तू पीएचडी केलीस ना?" मी सरळ "हो" म्हणतो. ‘वेड्या’ हा शब्द दुरुस्त करत बसत नाही. शहाण्या म्हणवणाऱ्या पुष्कळ लोकांच्या हाताखाली मी नंतर काम केलं आहे.

मॅडम नांदेडला रसायनशास्त्र शिकवायच्या, पण ते पगारापुरतं. त्यांचं खरं काम म्हणजे गोदावरीतून किती कार्बन वाहून जातो ते मोजणं. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. मॅडमही गंगाच म्हणायच्या. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता त्या पुलाच्या बरोबर मध्यावर स्कूटी लावायच्या, बैलाचे दोन कासरे एकमेकांना गाठ मारून केलेला दोर बादलीला बांधायच्या आणि कठड्यावरून वाकून बादली खाली सोडायच्या. काठाचं पाणी त्यांना चालत नसे. काठावर लोक कपडे धुतात, म्हशी बसतात. नदी काय म्हणते ते ऐकायचं तर मधली धारच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गुरुवारच का, असं मी एकदा विचारलं.

"कारण पयला दिवस गुरुवार होता," त्या म्हणाल्या. "आता गंगेला बी सवय झाली."

मध्यमवयीन बाई पुलाच्या कठड्यावरून वाकलेली दिसली की येणाराजाणारा थांबायचाच. एकदा एक रिक्षावाला सवारी रिक्षात सोडून धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, संसारात होतंच असतं असं. उतरा खाली. भावासारखा सांगून राहिलो."

"संसार न्हाई, बादली हाय," मॅडम म्हणाल्या. "आलास तर धर दोर."

त्यानं धरला. सवारी ओरडत होती तरी त्यानं बादली वर येईपर्यंत दोर सोडला नाही. मॅडमच्या तावडीत सापडलेला माणूस असा हातातल्या कामासकटच सुटायचा.

पाणी वर आलं की टायट्रेशन तिथंच, स्कूटीच्या सीटवर. काचेची उभी नळी, म्हणजे ब्युरेट, स्टँडला अडकवायची आणि तिच्यातून आम्लाचे थेंब गाळलेल्या पाण्यात सोडायचे. पाण्यात आधी दर्शकाचा एक थेंब टाकलेला असायचा, त्याचा पिवळा रंग नारंगी झाला की थांबायचं. जितके थेंब लागले तितकं पाण्यात बायकार्बोनेट. लॅबमध्ये न्यायची बाटली काठोकाठ भरायची. बुचाखाली वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी मॅडम ती ओतून द्यायच्या. नदीच्या पाण्यात सोड्याच्या बाटलीसारखा वायू कोंडलेला असतो, जागा मिळाली की तो निघून जातो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. "मग ते पाणी गंगेचं राहत न्हाई, बाटलीचं होतं," असं त्यांचं.

कार्बन म्हणजे काय, हे त्या चहावर शिकवायच्या. साखर विरघळते तसा एक, म्हणजे ते बायकार्बोनेट, चहापत्तीचा रंग उतरतो तसा दुसरा आणि तळाला गाळ बसतो तो तिसरा. नदी हे तिन्ही घेऊन समुद्राकडे जाते. कुजलेला पालापाचोळा, शेतातली माती, मुळांनी सोडलेला श्वास, सगळं त्यात आलं. हे सांगताना त्या समोरच्याचा चहा गार करून टाकायच्या.

विद्यार्थ्यांना त्या नावानं हाक मारत नसत. पहिली तोंडी परीक्षा एकाच प्रश्नाची असायची: "कोणत्या पाण्याचा?" मग गावच्या नदीचंच नाव त्याला पडायचं. रेणापूरच्या मुलीचं नाव पडलं रेणा, उदगीरकडच्या एकाचं लेंडी. माझं गाव धर्माबाद तालुक्यात, अगदी गंगेच्या काठावर. त्यामुळे मी सहा फुटी, मिशीवाला, पोटाची नुकतीच सुरुवात झालेला गडी, मॅडमच्या तोंडी ‘गंगा’ झालो. कॉरिडॉरमध्ये "ए गंगा" अशी हाक आली की मुली हसायच्या. मी आधी रागवायचो, मग ओ द्यायला लागलो.

नदीच्या बाबतीत दोन शब्द त्यांना चालत नसत, पवित्र आणि गटार. "पवित्र म्हणलं की लोकं हात जोडून जातेत, गटार म्हणलं की नाक दाबून. मोजत कुणीच न्हाई." निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी पुलावरून भिरकावणारा कुणी दिसला, की त्या त्याला अडवून पिशवी सोडायला लावायच्या. फुलं टाक, पिशवी घरी ने. फुलांचा कार्बन मोजता येतो.

त्या मूळच्या बिलोलीकडच्या. इतकी वर्षं शिकवूनही बोली त्यांनी बदलली नाही, सेमिनारमध्येही नाही; ‘माझं’ला त्या ‘मपलं’च म्हणायच्या. विभागप्रमुखांनी एकदा सुचवलं, मॅडम, बाहेरचे पाहुणे असतात, जरा प्रमाण भाषेत बोलत चला. त्यावर मॅडमनी पुढचा तासभर बिलोलीची बोली आणखी घट्ट केली. त्या दिवशीचे पाहुणे मोठ्या शहरातल्या एका संस्थेतून आलेले होते. त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवला. कोणत्या नदीतून किती कार्बन जातो ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. गोदावरी मुखाजवळ निळी होती आणि आमच्याकडे राखाडी. राखाडी म्हणजे माहिती उपलब्ध नाही.

"आमी काय राखाडी हाओत का?" मॅडमनी मागून विचारलं. पाहुणे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांचं भांडण याच नकाशाशी होतं, आणि ते नीट सांगायला हवं. बाहेरच्या जाणकारांचं म्हणणं असं, की महापुरात नदी म्हणजे निव्वळ पावसाचं पाणी. त्यात बायकार्बोनेट पार पातळ होऊन जातं. मॅडमचं म्हणणं उलट. आमच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे पेरल्यासारखे असतात, पावसाचं पाणी रानातून येताना ती चुनखडी खाऊन येतं. त्यामुळे आमच्या पुराचं पाणी त्यांना वाटतं तितकं पातळ होत नाही, आणि वर्षातलं बहुतेक पाणी पुरातच जातं. मॅडम खऱ्या असतील, तर आमच्या रानातून समुद्राकडे जाणारा कार्बन पुस्तकातल्यापेक्षा फार जास्त निघतो. दहा वर्षं त्या हे सांगत होत्या. एका लग्नात त्यांनी मांडवातल्या मातीतून खडा उचलला आणि पंगतीतलं लिंबू त्यावर पिळून नवरदेवाच्या वडिलांना दाखवला. खडा फसफसला. ते बिचारे वऱ्हाडाच्या गडबडीत होते, "वा वा" म्हणून निघून गेले.

पण मॅडमकडे महापुराचं पाणी नव्हतं. मधली कितीतरी वर्षं कोरडी गेली, पाणी आलं तरी धरणाच्या दारांमागे अडायचं. मग एका वर्षी पोळ्याला गंगा आली ती दोन्ही काठ सोडून. नांदेडचा पूल पोलिसांनी बंद केला. मॅडमनी त्यांच्याशी दोन तास हुज्जत घातली आणि त्या हरल्या. मी पोळ्यासाठी गावी होतो. फोन आला.

"गंगा, पाणी किती चढलं?"

"पुलाच्या खाली दोन हात, मॅडम."

"कॅन हाय ना? जा. मधली धार. काठोकाठ."

मी गेलो. आमच्या गावच्या पुलावर तेव्हा पोलीस पोचले नव्हते. खाली पाणी असं घुमत होतं की मी कठड्याला पोट टेकवूनच दोर सोडला, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. पाच लिटरचा कॅन भरला, काठोकाठ, झाकण घट्ट. धर्माबादचा रस्ता ओढ्यानं तोडला होता म्हणून कॅन घरी आणला आणि रांजणाच्या बाजूला अंधारात ठेवला.

सकाळी बघतो तर कॅनमधलं पाणी आरशासारखं स्वच्छ आणि तळाला बोटभर गाळ. पुराचं पाणी एका रात्रीत असं निवळत नाही.

"माय, याला हात लावलास?"

"तुरटी फिरवली," आई म्हणाली. चुलीपुढून उठलीही नाही. "गंगेचं पाणी मागितलंय म्हणल्यावर बाईंला देवाला लागत आसंल. एवढं गढूळ कसं पाठवावं? लोकं काय म्हणतील, हिच्या घरी तुरटी बी न्हाई."

ज्यांच्या घरी नदीचं पाणी प्यायलं जातं तिथं पावसाळ्यात हे रोजचं आहे. तुरटीचा खडा हातात धरायचा, पाण्यात गोल फिरवायचा आणि पाणी बसू द्यायचं. आईनं आयुष्यभर हेच केलं होतं. तुरटी गाळ बसवताना पाण्यातलं बायकार्बोनेट खाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. मी परत पुलाकडे धावलो, तर तिथं आता पोलिसांनी दोर बांधला होता आणि पाणीही पुरुषभर उतरलं होतं.

मी घरी आलो, कॅन जोरजोरात हलवला, पाणी पुन्हा गढूळ केलं आणि दुसऱ्या दिवशी ते मॅडमना नेऊन दिलं. काही बोललो नाही.

मॅडमनी टायट्रेशन तीनदा केलं, मग चौथ्यांदा. आकडा खाली आला होता, अगदी राखाडी नकाशावाल्यांना हवा तितका खाली. त्या स्टुलावर बसल्या.

"मधल्या धारेतलंच हाय ना रे?"

"हाव."

"काठोकाठ?"

"हाव."

त्यांनी सगळं विचारलं. तुरटीचं तेवढं विचारलं नाही, आणि मीही दिलेल्या उत्तरांत खोटं काही बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळंच होतं. माझ्या प्रबंधातलं पुराचं प्रकरण पूर्ण झालं होतं. आणि माझ्या आईनं शास्त्राच्या नमुन्यात तुरटी फिरवली, हे कॉलेजातल्या लोकांसमोर सांगायची मला लाज वाटत होती. मला आईची लाज वाटली. इतकी वर्षं झाली तरी हे वाक्य लिहिताना हात अडतो.

तीन महिन्यांनी प्रकल्पाची मुदत वाढवायची की नाही हे ठरवायला समिती आली. अध्यक्ष तेच, नकाशावाले. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी दहा वर्षांचे गुरुवार एकेक ठिपक्यानं दाखवले आणि शेवटच्या ठिपक्यावर येऊन थांबल्या.

"हा पुराचा. हा मपल्या इरुद्ध गेला. आकडा हाय तर हाय. पुरात पाणी पातळ होत न्हाई, हे मपलं म्हणणं मी मागं घेते."

ज्या बाईनं प्राचार्यांपुढे कधी मान तुकवली नाही, ती त्या एका ठिपक्यापुढे तुकवत होती. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "शेवटी आमच्याशीच जुळलं म्हणायचं," ते म्हणाले, चांगल्या स्वरात, लहान मुलाला म्हणावं तसं. माझ्या अंगाची आग झाली. मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.

"सर, तो आकडा खोटा आहे."

"म्हणजे?"

"त्या कॅनमध्ये तुरटी फिरवली होती. माझ्या आईनं. मला माहीत होतं."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी विचारलं, "आईनं?" आणि मग दोनतीन जण हसले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती वेळा फिरवली?"

मी म्हणालो, माहीत नाही. त्या लॅपटॉपकडे वळल्या आणि सगळ्यांच्या देखत तो ठिपका त्यांनी पुसून टाकला. विभागप्रमुख घाईघाईनं उठले. "मॅडम, राहू द्या की. आकडा संदर्भांशी जुळतोय. मुदतवाढ मिळते आहे."

"जुळला म्हून खरा होतो का?" मॅडम म्हणाल्या. मग समितीकडे वळून, "लिहून घ्या. मपलं म्हणणं कायम हाय. आन् मपल्याकडं पुरावा न्हाई. दोन्ही लिहा."

मुदतवाढ मिळाली नाही. जिन्यात मी मॅडमची वाट बघत थांबलो होतो. शिव्या खायची तयारी होती. त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या, मग थांबल्या.

"तीन महिने," त्या म्हणाल्या. "तीन महिने मी मपल्या गंगेवर संशय घेतला."

एवढंच. पुढचे दोन गुरुवार त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुलावर फक्त दोर हातात द्यायच्या. माझा प्रबंध एका प्रकरणानं बारीक झाला आणि एक वर्षानं लांबला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या न सांगता माझ्या गावी येऊन धडकल्या. स्कूटीवर, पायाशी काठची माती कालवून गढूळ केलेल्या पाण्याचा कॅन ठेवून. आई घाबरून दारातच उभी. "बाई, माझ्या हातून पाप झालं," असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

"अक्का, तुमी काय बी केलं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "तुरटी कुठं हाय? त्या दिवशीसारखी फिरवा. मी बघते."

त्यांनी पिशवीतून छोटा काटा काढला, तुरटीचा खडा आधी तोलला, मग आईच्या हातात दिला. आईनं पाण्यात हात घातला, उजवीकडून सात वेळा फिरवला आणि हात झटकला. सासूनं शिकवलं तसंच, ती म्हणाली. मॅडमनी खडा पुसून पुन्हा तोलला, गढूळ आणि निवळलेल्या, दोन्ही पाण्यांचं अंगणातच टायट्रेशन केलं आणि तुरटीनं किती खाल्लं ते काढलं. मी मनातल्या मनात तेवढं त्या पुसलेल्या आकड्यात मिळवलं. मॅडम खऱ्या ठरत होत्या. मी उड्या मारायचाच बाकी होतो.

"मॅडम, एवढं मिळवून पाठवू या ना समितीला."

"न्हाई."

"का पण?"

"हे पाणी आजचं. त्या दिवशी अक्काचा हात किती जड होता, मला काय म्हाईत? मला जितायचं हाय, पण अंदाजानं न्हाई." मग त्या आईकडे वळून म्हणाल्या, "च्या टाका अक्का. याच पाण्याचा." आईनं टाकला. दोघी चुलीपुढे बसून बराच वेळ माझ्या लहानपणच्या आळशीपणाबद्दल बोलत राहिल्या.

पुढची वर्षं पुन्हा कोरडी गेली. मॅडम निवृत्त झाल्या, शेंगा सोलत. लॅबची किल्ली त्यांनी परत केली आणि ब्युरेट मात्र स्वतःची विकत घेतली. मी लातूरला ज्युनियर कॉलेजात लागलो. मग गेल्या पावसाळ्यात, भाद्रपदात, एका सकाळी फोन आला.

"गंगा, लातूरला काय करून राहिलास?"

"तास आहे, मॅडम."

"तास रोज हाय. पाणी आलंय."

मी रजेचा अर्ज शिपायाच्या हातात कोंबला आणि मोटारसायकलवर निघालो. नांदेडच्या पुलाच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा मॅडम एका हवालदाराशी भांडत होत्या. छत्री उलटी झालेली, स्टँड काखेत.

"मॅडम, पूल बंद हाय," तो काकुळतीला येऊन सांगत होता. "तुमी पडल्या तर मी काय जबाब देऊ?"

"मी बी कार्बनच हाय. पडले तर त्यात मिळवून घ्या."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी हात जोडले, काय चाललंय ते पाच वाक्यांत सांगितलं. पुराचं पाणी पहिल्यांदाच मिळतंय, या बाई पंधरा वर्षं थांबल्यात, असं काहीतरी. त्यानं इकडेतिकडे बघितलं. "दहा मिनिटं," तो म्हणाला. "आन् मी संग येतो."

बादली त्यानंच ओढली. मी हातानं दाबायच्या छोट्या पंपानं पाणी गाळणीतून काढलं. गाळणीचा गोल कागद दर खेपेला मातीनं लिंपून जात होता. मॅडमनी कठड्याच्या आडोशाला ब्युरेट उभी केली. नळीवर लाल नेलपॉलिशच्या दोन रेघा होत्या. आयुष्यात कधी नखाला लावलं नव्हतं त्यांनी ते. "वरची त्यायची," त्या म्हणाल्या, "खालची मपली." आम्ल वरच्या रेघेपाशी असताना रंग बदलला तर समिती खरी, खालच्या रेघेपर्यंत टिकला तर मॅडम.

थेंब पडू लागले. हवालदार छत्री धरून उभा होता, त्याला काय कळत होतं देव जाणे, पण तोही वाकून बघत होता. आम्ल वरच्या रेघेला आलं. पाणी पिवळंच. रेघ ओलांडली. पिवळंच. मी ओरडणार होतो.

"गप," मॅडम म्हणाल्या. "थेंबाकडं बघ."

आम्ल खाली उतरत राहिलं. खालची रेघ दोन बोटांवर असताना पाण्यात नारंगी रंगाचा एक धागा फिरला, विरला, पुन्हा फिरला आणि राहिला.

मॅडमनी तोटी बंद केली. लगेच दुसरा नमुना घेतला. मग तिसरा. तिन्ही वेळेस तिथंच.

"ते हरले, मॅडम," मी म्हणालो.

"लई हरले." त्यांनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "आन् मी बी."

"दोन बोटांनी तर."

"दोन बोटं म्हंजे काय कमी हायेत का?"

त्या कठड्याला टेकून खाली बघत राहिल्या. खालून आख्खं बाभळीचं झाड मुळांसकट गेलं. मला वाटलं, रडतील. पंधरा वर्षं त्यांनी सगळ्या जगाशी भांडून ज्या रेघेची राखण केली तिच्यापर्यंत पाणी पोचलं नव्हतं. पण त्या हसायला लागल्या, पोट धरून, पदरानं डोळे पुसत. त्यांना मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"हिनं त्यायचं ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् मपलं बी ऐकलं न्हाई."

मग त्यांनी वही काढली, आला तोच आकडा लिहिला, अधिक नाही उणा नाही, आणि खाली सही केली. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला होता. हवालदार दोर गुंडाळून देत म्हणाला, "झालं ना मॅडम आता?"

"झालं कसं? उद्या यावं लागंल. पाणी उतरताना येगळं असतं."

"उद्या माझी ड्युटी न्हाई हितं."

"मग जो आसंल त्याला सांगून ठेवा," मॅडम म्हणाल्या आणि स्कूटीला किक मारली.